यादीतली चौदा माणसं

ती यादी मीच केली होती, तेव्हा चूक दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही.

बिलारा हे ऑस्ट्रेलियातलं आमचं चेरीच्या बागांचं गाव, आणि इथल्या डबा मंडळात मी बावीस वर्षं आहे. गावातली जी म्हातारी माणसं एकटी राहतात, ज्यांच्याच्यानं आता स्वयंपाक होत नाही, त्यांच्या दारात आम्ही रोज दुपारी गरम जेवण पोचवतो. नाताळ जवळ आला की त्याच्या जोडीला खोकी भरतो. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणी आजारपणानं खचलेलं असतं. अशी घरं हेरायची आणि एकेक खोकं नेऊन द्यायचं. डबाबंद वाटाणे, बिस्किटं, प्लम पुडिंग, हॅमचा तुकडा. यादी करायचं काम माझ्याकडे, कारण तीस वर्षं पोस्टात काढल्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय हे ग्लेनिसला सगळ्यात आधी कळतं, असं नेव्हिल म्हणतो. नेव्हिल आमचा अध्यक्ष. शाळेचा निवृत्त हेडमास्तर, आणि वागण्यात अजूनही हेडमास्तरच.

त्या वर्षी मी यादीत शेवटी लिहिलं : रेक्स डूलनच्या बागेतले चेरी तोडणारे, माणसं चौदा.

हे चौदाजण पॅसिफिक महासागरातल्या वानुआतूहून आले होते, तिथल्या टोंगोआ नावाच्या लहानशा बेटावरून. चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मी त्यांना पाहिलं होतं. बायकांनी हात भरभरून जुनी पातेली, घोंगड्या आणि शाळेतल्या लाकडी खुर्च्या घेतल्या होत्या, आणि एकेक नाणं मोजून पैसे दिले होते. मला वाटलं, बिचाऱ्यांकडे अंथरायला-पांघरायलाही नाही. इतकंच बघून मी लिहून मोकळी झाले. कुणाला विचारलं नाही.

खोकी घेऊन मी स्वतः बागेतल्या त्यांच्या खोल्यांवर गेले. संध्याकाळचा स्वयंपाक चालला होता. त्यांची प्रमुख लेमारा, चाळिशीची, ठेंगणी आणि भक्कम बाई, चेरीच्या रसानं काळीजांभळी झालेली बोटं पुसत पुढे आली.

"या आंटी, बसा. चहा घेणार ना?"

"चहा राहू दे गं. हे घे. नाताळचं, आमच्या मंडळाकडून."

"अरे वा! गावातल्या सगळ्यांना देता?"

"सगळ्यांना कसं पुरेल? ज्यांची फार ओढाताण आहे, त्यांनाच."

लेमारानं हे आपल्या भाषेत बाकीच्यांना सांगितलं. बटाटे सोलणारे हात थांबले. मग भिंतीशी बसलेला, डोक्यावर एकही केस नसलेला एक आडदांड माणूस काहीतरी बोलला. कुणी हसलं नाही.

"काय म्हणाला तो?"

"कालमेट म्हणतो, माझं हे पोट बघूनही यांना मी उपाशी वाटलो असेन, तर आंटींना चष्मा बदलायला हवा."

कालमेटनं पोटावर थाप मारून दाखवली. मी हसले, पण माझे कान तापले होते.

"आंटी," लेमारा म्हणाली, "तुम्ही मनापासून आणलंत, म्हणून मी घेते. पण आमची ओढाताण नाहीये. आम्ही इथे कामाला आलोय."

"मग ती पातेली... घोंगड्या..."

"ती होय? मागच्या चक्रीवादळात आमच्या गावची शाळा उडाली. खुर्च्या शाळेला, पातेली शाळेच्या स्वयंपाकघराला. निम्मा कंटेनर भरलाय, मार्चमध्ये बोटीनं पाठवणार."

मी ज्यांना दान द्यायला निघाले होते, ते स्वतःच एक शाळा उभी करत होते. घरी येईपर्यंत मी गाडीतला रेडिओसुद्धा लावला नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर लेमारा आणि कालमेट माझ्या दारात उभे. त्यातलं एक खोकं परत आणलं होतं, आणि त्यात खाऊच्या जागी हातानं विणलेल्या दोन टोपल्या.

"आमच्याकडे कुणी अन्न घेऊन आलं, तर त्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत," लेमारा म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही तशाच गेलात. मला रात्रभर झोप नाही. आता सांगा, तुमच्या मंडळाला काय हवंय?"

"काही नको गं."

"ती गाडी हवीय," कालमेट अंगणाकडे बोट दाखवत म्हणाला. डब्यांची व्हॅन माझ्याच दारात उभी असते. "काल चर्चपाशी तिला चौघांनी ढकललं. मी त्यातला एक होतो. ती गाडी नाही आंटी, ते आजारपण आहे."

खरंच होतं. नव्या व्हॅनसाठी आम्ही दोन वर्षं झटत होतो. किराणा दुकानाबाहेर सॉसेज भाजून विकले, सोडती काढल्या, तरी हिशेब काही जमत नव्हता.

"मग नाताळच्या आधीच्या शनिवारी करू," लेमारा म्हणाली. "आम्ही लापलाप करतो, आमचा बँड वाजवतो. गावाला जेवायला बोलवा. जे मिळेल ते गाडीला."

लापलाप म्हणजे किसलेला कंद आणि कोंबडी, नारळाच्या दुधात भिजवून केळीच्या पानात बांधायची आणि जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या दगडांवर शिजवायची. मी मंडळाच्या बैठकीत सांगितलं, तर नेव्हिलनं चष्म्यावरून बघितलं.

"म्हणजे आपण त्यांना खोकी दिली, आणि आता त्यांच्याकडून मदत घ्यायची? लोक काय म्हणतील?"

"खोकी चुकून दिली, नेव्हिल. माझ्या चुकीनं."

"आणि जमिनीत खड्डा करून शिजवायचं? आरोग्य खात्याचे नियम वाचलेत का?"

"तू वाचलेस ना? मग तूच बघ ते," मी म्हणाले. त्याला काम मिळालं की तो खूश असतो. त्यानं जत्रेचं मैदान मिळवलं, परवानगी मिळवली, आणि सगळ्यांना डोक्याला जाळीची टोपी सक्तीची केली. कालमेटनं विचारलं, "मलाही?" नेव्हिल म्हणाला, "नियम म्हणजे नियम."

केळीची पानं उत्तरेकडच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या त्यांच्या गावकऱ्यांनी मालट्रकनं पाठवायची ठरली. सगळं जमून आलं होतं.

आणि बुधवारी पाऊस आला.

चेरीला तोडणीच्या वेळी पाऊस म्हणजे काय, हे बिलारात लहान मुलालाही सांगावं लागत नाही. पिकलेलं फळ पाणी पितं, फुगतं आणि सालीवर उभी चीर जाते. मग त्याला बाजारात कुणी हात लावत नाही. पहाटे साडेपाचला हेलिकॉप्टरचा आवाज ऐकून मी उठले. ज्यांना परवडतं ते बागमालक झाडांवर हेलिकॉप्टर घिरट्या घालायला लावतात, पंख्याच्या वाऱ्यानं पाणी उडावं म्हणून. दिवसभर ते घरघरत राहिलं आणि दिवसभर पाऊसही पडत राहिला. संध्याकाळी दोघंही थांबले, तेव्हा टेकडीवरच्या निम्म्याहून जास्त चेरी फुटल्या होत्या.

गुरुवारी सकाळी नेव्हिलचा फोन. "रद्द करू या, ग्लेनिस. बागवाले पार बुडालेत. कोण येणार जेवायला? आणि तुझ्या त्या माणसांना तरी आता कुठे काम आहे? मजुरी बंद झालीय त्यांची. त्यांच्याकडून फुकट राबवून घेणं बरं दिसत नाही."

त्याचं म्हणणं मला पटलं. सांगायला मी बागेत गेले. झाडांखाली चौदाजण उभे होते, पण तोडत कुणी नव्हतं. रेक्स डूलन ट्रॅक्टरच्या पायरीवर बसून मातीकडे बघत होता. सत्तरीचा माणूस, आजोबांनी लावलेली बाग. मी जवळ गेले तर म्हणाला, "चेरीचं नाव काढू नकोस."

"नाही काढत." मी लेमाराकडे वळले. "लेमारा, शनिवारचं राहू दे. तुमचं काम गेलंय, गावाचा मूड नाही. पुढच्या वर्षी बघू."

तिनं फांदीवरची एक फुटकी चेरी तोडून तोंडात टाकली, बी थुंकली आणि विचारलं, "आंटी, ही गोड आहे. हिचं आता काय होणार?"

"काय होणार? दोन दिवसांत बुरशी धरेल. झाडाखाली पडेल."

"दोन दिवस आहेत म्हणजे." ती रेक्सकडे गेली. "बॉस, ही फुटलेली आम्ही तोडली तर चालेल?"

"विकत कोण घेणार ती? मी मजुरी कुठून देऊ?"

"मजुरी मागितलीय कुणी? तुमची सुट्टी, आमची पण सुट्टी. आंटीच्या डब्यांसाठी तोडतो. आंटी, तुमच्या गावातल्या बायकांना जॅम येतो की नाही?"

आता हा प्रश्न बिलाराच्या बाईला विचारायचा! आमच्याकडे जॅमवरून दोन जावांनी अकरा वर्षं अबोला धरलाय.

"येतो का म्हणजे?" मी म्हणाले. "तू तोड तर खरं."

रेक्सनं वर बघितलं. मग टोपी काढून गुडघ्यावर झटकली. "तोडा. पण ज्यांच्यावर बुरशीचा ठिपका दिसेल त्या घेऊ नका. आणि शिड्या तिकडच्या घ्या, या ओल्या झाल्यात."

दुपारपर्यंत तो स्वतः ट्रॅक्टरनं पेट्या घेऊन गावच्या सभागृहाच्या दाराशी आला. मी तोवर फोन फिरवले होते. पोस्टातल्या नोकरीचा हाच फायदा, गावातला एकही नंबर मला शोधावा लागत नाही. बायका आपापली मोठी पातेली घेऊन आल्या. दुकानदारानं साखरेची पोती पाठवली आणि बिल पाठवलं नाही. चेरीचा जॅम नुसत्या साखरेनं धरत नाही, लिंबू लागतं; तर ज्यांच्या परसात लिंबाचं झाड आहे त्या प्रत्येक घरून पिशव्या आल्या. रिकाम्या बरण्या तर अशा आल्या, जणू वर्षभर सगळे याचसाठी साठवत होते. दुसरे बागवालेही आले. सुरुवातीला दाराशी घुटमळत, हात खिशात. मग एकानं पेटी उतरवली, आणि पाठोपाठ बाकीच्यांनी.

बिया काढायला लांब टेबलावर आम्ही समोरासमोर बसलो, एक बाजू टोंगोआची, एक बिलाराची. लेमाराच्या बायका आमच्या दुप्पट वेगानं काढायच्या. माझी मैत्रीण डोरीन म्हणाली, "ए, हळू गं, आमची लाज काढता!" तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "तुम्ही बोलणं कमी केलंत तर वेग येईल, आंटी!" डोरीनला कुणी गेल्या चाळीस वर्षांत असं ऐकवलं नव्हतं. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

शुक्रवारी संध्याकाळी सभागृहाच्या खिडक्यांत गडद लाल बरण्या ओळीनं उभ्या राहिल्या. रेक्स एक बरणी उजेडाकडे धरून उभा होता. "माझ्या आजोबांच्या झाडांची आहे," असं तो ज्याला त्याला सांगत होता.

शनिवारी उजाडताच मैदानात खड्डा खणला, दगड तापवले. केळीची पानं रात्रीच पोचली होती. आमच्या भागात तारो, म्हणजे अळूचा कंद, मिळत नाही, म्हणून लेमारानं कसावा आणि लाल भोपळा किसून घेतला होता. कालमेट जाळीची टोपी घालून दगड उचलत होता आणि दर पाच मिनिटांनी नेव्हिलला विचारत होता, "साहेब, केस सुटले नाहीत ना बाहेर?" नेव्हिल आधी चिडला, मग तिसऱ्यांदा त्यालाच हसू आवरेना.

कोण येणार, अशी धाकधूक मलाच सगळ्यात जास्त होती. पण झालं असं, की सुट्टीचा पहिला शनिवार, शहरातून शेकडो लोक दरवर्षीसारखे स्वतः चेरी तोडायला निघालेले. बागांची फाटकं बंद. मग हायवेवरच्या पेट्रोलपंपावर रेक्स जाऊन उभा राहिला, हो, रेक्स, जो चार वाक्यं सलग बोलत नाही, आणि प्रत्येक गाडीच्या खिडकीत वाकून सांगू लागला, "चेरी बरणीत आहेत. मैदानावर जा. जेवूनच पुढे जा."

बारा वाजता खड्ड्यावरची पानं उचलली. नारळाच्या दुधाचा आणि भाजल्या कोंबडीचा जो वास सुटला, त्यानं रांगच लागली. गिटारी, युकुलेली आणि कालमेटचा तो खोक्याला काठी आणि एकच तार लावलेला बास सुरू झाला. त्याच्या आडव्यातिडव्या देहातून इतका बारीक, उंच आवाज निघतो, हे कुणाला ठाऊक होतं? आमची म्हातारी माणसंही आली होती. त्यांना चाकाच्या खुर्च्यांवरून पुढच्या रांगेत बसवलं.

दुपारी नेव्हिल माइकपाशी गेला. भाषण लिहून आणलं होतं.

"आपल्या गावात आलेल्या या गरजू बांधवांनी," त्यानं सुरुवात केली, "स्वतः अडचणीत असतानाही..."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण समोर लेमाराच्या माणसांचे चेहरे पाहिले, आणि त्या दिवशी बटाटे सोलता सोलता थांबलेले हात मला आठवले. मी उठले. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी कधी माइक हातात धरला नव्हता.

"थांब, नेव्हिल. ते गरजू नाहीत. त्यांना यादीत मी घातलं. पातेली विकत घेताना पाहिलं आणि कुणाला न विचारता ठरवून टाकलं. ती पातेली त्यांच्या गावच्या शाळेसाठी होती. बुधवारी आपली चेरी गेली, तेव्हा आपण सगळे घरात तोंड पाडून बसलो होतो, आणि कामाला लागले ते हे चौदाजण. गरजू कोण होतं, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी चूक झाली. मी ती सगळ्यांसमोर मान्य करतेय."

नेव्हिलनं हातातला कागद घडी करून खिशात ठेवला, लेमाराजवळ गेला आणि सगळ्यांदेखत जाळीची टोपी काढून मान झुकवली. "मला माफ करा," तो म्हणाला. हेडमास्तरच्या तोंडून हे शब्द गावानं पहिल्यांदाच ऐकले असतील.

लेमारानं माइक घेतला. "आंटी, चूक झाली ती बरी झाली," ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही आमच्याकडे आला असतात कशाला? सहा महिने आम्ही इथे आहोत. दारात आलेल्या तुम्ही पहिल्याच."

तिनं ते हसत सांगितलं. पण खाली मान घातलेली माणसं मी पाहिली, त्यात मीही होते.

मग रेक्स डूलन उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला, हळूहळू, मोठ्या हातांनी. बघता बघता सगळं मैदान उभं राहिलं. चौदाजण एका ओळीत उभे होते, ताठ, कुणाचेही डोळे खाली नाहीत. त्या ओळीकडे बघताना माझा ऊर असा भरून आला, जणू माझीच मुलं बक्षीस घेत होती. माझा त्यात काय वाटा? एक चुकीची यादी. तरी अभिमान वाटायचा तो वाटलाच.

जॅमची शेवटची बरणी चार वाजता गेली. हिशेब जमला, आणि नवी व्हॅन फेब्रुवारीत आली, पांढरीशुभ्र.

पण नाताळच्या दिवशी जुनीच होती, आणि तिनं तोच मुहूर्त साधला. अठ्ठावीस घरी नाताळचं जेवण पोचवायचं, डबे भरून तयार, आणि व्हॅन खोकलासुद्धा काढेना. मी फोन हातात घेतला, नंबर लावायच्या आधीच चौदाजणांची मिनीबस वळणावर दिसली. ते चर्चमधून येत होते, बायका फुलाफुलांच्या नव्या झग्यांत.

"ढकलायची का?" कालमेटनं खिडकीतून विचारलं.

"नको. डबे तुमच्या गाडीत घाला."

त्या दिवशी बिलाराच्या डब्यांबरोबर गाणंही पोचलं. प्रत्येक दारात आधी जेवण, मग एक कडवं. मिसेस हॅलोरन नव्वदीच्या, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांनी बोट वर करून आणखी एक कडवं मागितलं आणि डबा गार होऊ दिला.

शेवटचं घर झाल्यावर आम्ही नदीकाठी गाडी थांबवली. लेमारा सावलीत जाऊन आईशी फोनवर बोलू लागली. मुलंही तिकडेच, आजीजवळ. सहा महिने तिनं त्यांना पाहिलं नव्हतं. ती उभी राहून, हात हलवत, मोठ्यानं काहीतरी सांगत होती. मागे बसलेले सगळे ऐकून हसायला लागले.

"काय सांगतेय ती?" मी कालमेटला विचारलं.

"आईला सांगतेय, आज चर्चमध्ये सरपंचांना उभं राहून जाहीर करायला लाव." त्यानं डोळे पुसले. "म्हणावं, यंदाच्या नाताळात आपल्या गावानं ऑस्ट्रेलियाला मदत केली."